तीन मिनिटांत बसवलेला अभंग : घरगुती यंत्रावर रेकॉर्ड कापण्याचं सोलापुरातलं एक प्रकरण

या प्रकरणातली माणसं खरी आहेत, म्हणून नावं आणि पेठ गाळली आहे. मी स्वतः त्यात होतो. मंडळात पेटी वाजवतो, आणि पोटापाण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यामुळे खाली लिहिलेल्या काही चुका माझ्या आहेत, त्या तशाच लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

आमचं भजनी मंडळ बावीस जणांचं. बुवा मुख्य गाणारे. तरुणपणी गिरणीत कामाला होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. पहाटेच्या भोंग्याचा सूर अजून गुणगुणून दाखवतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. शाल-श्रीफळ होणारच होतं, पण शिष्यांना त्याहून काहीतरी हवं होतं. बुवांच्या घरी पेटीसारखा उघडणारा जुना रेकॉर्ड प्लेयर आहे. जुन्या नाट्यपदांच्या आणि भजनांच्या तबकड्या ते अजून पुसून लावतात. पेनड्राइव्ह दिला असता तर तो ट्रंकेत गेला असता. रेकॉर्ड दिली तर ते लावतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नेमकं त्याच वेळी अण्णांच्या दुकानात रेकॉर्ड कापायचं एक छोटं यंत्र आलं. अण्णा अॅम्प्लिफायर, मिक्सर आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. घरी तेलुगू, दुकानात मराठी, आणि शिव्या दोन्हीत. यंत्र त्यांच्या पुतण्याने परदेशातून येणाऱ्या मित्राकडून मागवलं होतं.

या जातीच्या यंत्रांना फार वर्षं झालेली नाहीत. युरी सुझुकी या जपानी डिझायनरच्या कल्पनेवरून गाक्केन कंपनीने 2020 साली जपानात असं एक जोडणी-संच यंत्र काढलं. पुढे 2022 मध्ये स्वीडनच्या टीनएज इंजिनिअरिंगने त्याच कल्पनेवर पीओ-80 हे यंत्र आणलं. पाच इंचाची कोरी प्लॅस्टिक तबकडी, फोनमधून येणारी ऑडिओ वायर, यूएसबीवर चालणारी मोटर, एक कापणारा हात आणि एक वाजवणारा हात, एवढाच पसारा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांना एका बाजूला साधारण चार मिनिटं बसतात, 45 फेऱ्यांना तीन. याच्या दुसऱ्या टोकाला टेक्निक्सच्या टर्नटेबलवर बसवायचं टी-560सारखं जर्मन यंत्र आहे. ते व्यावसायिक दर्जाचं, आमच्या ऐपतीबाहेरचं. आमचं यंत्र लहान जातीचं होतं. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण जे बिघडलं त्यातलं बहुतेक आम्हीच बिघडवलं होतं.

अडचण

शिष्यांनी ठरवलं की बुवांना पत्ता लागू द्यायचा नाही. ऐन सत्काराच्या वेळी रेकॉर्ड लावायची. त्यामुळे नवं गाणं रेकॉर्ड करायचा प्रश्नच उरला नाही. देवळातल्या एका कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग होतं, तेच वापरायचं ठरलं. अकरा मिनिटांचा अभंग, चौदा टाळकरी, पखवाज, पेटी, वर पंखा आणि मध्येच रडणारं एक पोर.

मी त्यातली चार मिनिटं काढली. तबकडी 33⅓ वर कापू म्हणजे जास्तीत जास्त बसेल, असं सुचवलं. एका रविवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही पहिली तबकडी लावली.

कापतानाचं दृश्य मात्र विसरता येणार नाही. सुई टेकली की तिच्या मागून काळ्या प्लॅस्टिकचा केसाहून बारीक धागा निघायला लागतो आणि तबकडीवर भुसभुशीत गुंडाळी जमते. अण्णांनी ती ब्रशने उचलली, दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "सूतच की." सोलापूरच्या माणसाला दुसरं काय आठवणार?

मग वाजवणारा हात टेकवला. आधी सुंऽऽ असा सलग आवाज. त्यामागे बुवा, जणू शेजारच्या गल्लीत गातायत. टाळ सुरू झाले आणि आवाजाची चाळण झाली. टाळ ऐकूच येईना, त्यांच्या जागी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी खरखर. पखवाजावर थाप पडली आणि सुई उडून मागच्या चरात गेली. पुन्हा थाप, पुन्हा मागे. "विठ्", "विठ्", "विठ्". अण्णांचा पुतण्या म्हणाला, "उड्या मारायलीय बे ही." त्या एका संध्याकाळी आम्ही सहा तबकड्या वाया घालवल्या. जवळ होत्या दहा.

हे असं का झालं, हे मी दुसऱ्या दिवशी कागदावर मांडलं. ते कागदावर आधी मांडायला हवं होतं.

बारा इंची एलपीच्या बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर वेगाने जातो. एलपी आतल्या बाजूला संपत येते, तिथे हा वेग साधारण 21 सेंटिमीटरवर उतरतो, आणि तिथला आवाज मंद होतो हे जुने शौकीन जाणतात. आमच्या पाच इंची तबकडीची बाहेरची कडाच केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर. म्हणजे एलपी जिथे संपते तिथे आमची सुरू होते. आणि आत साडेतीन सेंटिमीटरवर पोचेपर्यंत वेग 12 वर येतो. टाळाच्या झणत्कारात 10 किलोहर्ट्झच्या आसपास भरपूर ऊर्जा असते. 12 सेंटिमीटर वेगाला त्या आवाजाची एक लाट चरात एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जेमतेम मोठी होते. वाजवणाऱ्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच सुमारे 0.018 मिलिमीटर. सुई लाटेत उतरू शकत नाही, ती लाटा खरवडत वरून जाते. आम्ही ऐकलेली खरखर ती हीच.

त्यात भर म्हणजे आरआयएए वक्र, रेकॉर्ड उद्योगाने ठरवलेलं आवाजाच्या चढ-उताराचं माप. 1954 पासून बहुतेक सगळ्या रेकॉर्ड बास दाबून आणि ट्रेबल उचलून कापल्या जातात, अॅम्प्लिफायर वाजवताना ते उलटं करतो. आमच्या यंत्रात ती सोय नव्हती, फाइल आधीच तशी करून घ्यावी लागे. मी ती इमानदारीने केली. म्हणजे 10 किलोहर्ट्झला जवळजवळ 14 डेसिबलनी चढवून टाळ आणखी वर नेले.

पखवाजाचं कारण साधं. अशा यंत्रात दोन चरांमधलं अंतर ठरलेलं असतं. चार मिनिटांत तबकडी 133 वेळा फिरते आणि जागा मिळते अडीच सेंटिमीटरची, म्हणजे दर चराला 0.19 मिलिमीटर. कणीक लावलेल्या डाव्या बाजूची घुमणारी थाप चराला इतकं आडवं हलवते की तो शेजाऱ्याच्या घरात घुसतो. मोठे कारखाने बासप्रमाणे अंतर कमी-जास्त करतात. लहान यंत्राला ते जमत नाही.

पर्याय

मंडळाच्या बैठकीत पाच वाटा समोर आल्या.

कारखान्यात छापून घेणं ही पहिली. त्यासाठी आधी लॅकरची, म्हणजे वार्निशासारखा मऊ थर दिलेली तबकडी कापायची, तिच्यावरून धातूचा साचा, मग छपाई. एका प्रतीसाठी हे कोणी करत नाही, शेकड्याने करावं लागतं. शिवाय लॅकरच्या तबकड्या बनवणारा कॅलिफोर्नियातला कारखाना फेब्रुवारी 2020 मध्ये आगीत गेला आणि जगात मुख्यतः जपानमधलाच उरला, त्यामुळे त्या बाजूला घाई चालत नाही. दुसरी वाट परदेशाची, तिथे एकेक प्रत कापून देणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून मोठी, चांगली तबकडी मिळाली असती, पण टपालाचे आठवडे धरले तर तारीख हुकत होती.

तिसरी वाट मी सुचवली होती : तेच रेकॉर्डिंग, पण टाळ इक्वलायझरने कापून आणि पखवाज दाबून. करून पाहिलं. टाळांबरोबर बुवांच्या आवाजातला तजेला गेला, "स" आणि "श" बोबडे झाले. एकाच मायक्रोफोनवर एकत्र आलेलं इक्वलायझरने वेगळं काढता येत नाही. चौथी वाट आमच्या वीणेकऱ्यांची : "रेकॉर्डचा नाद सोडा, फोटो फ्रेम द्या." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तारखेला पाच आठवडे उरले होते.

पाचवी वाट म्हणजे तबकडीसाठीच नव्याने गाणं. त्यासाठी बुवांना सांगावं लागणार होतं.

बुवांना सांगायचं की नाही

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त आवाज या मुद्द्यावर खर्च झाला. तरुण शिष्य गुपित सोडायला तयार नव्हते. मीही आधी त्यांच्याच बाजूचा होतो. अण्णांनी एक प्रश्न विचारला आणि विषय फिरला : "अकरा मिनिटांचे तीन करायचेत. कुठलं कडवं काढायचं, ते तुम्ही ठरवणार की गाणारा?"

खरं होतं. मी मोबाइलच्या फाइलमधून चार मिनिटं काढली ती वेळ बघून काढली होती. अभंगाचं शेवटचं, नाममुद्रेचं कडवं त्यात नव्हतं. वारकऱ्याच्या कानाला तो अभंग डोकं नसलेल्या देहासारखा. ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही सगळे खरखर ऐकत होतो.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बुवांकडे गेलो. त्यांनी बिघडलेली तबकडी मागून घेतली, उजेडात तिरपी धरून चर पाहिले आणि दोनदा ऐकली. रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, आधी सांगायचं की. माझ्या लहानपणी तव्यांवर तीनच मिनिटं असायची. सगळे मोठे गवई तीन मिनिटांत बसायचे, मी कोण लागून गेलो?"

ते जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल बोलत होते. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं आपल्या गायकांनी तासाभराचा राग तीन-साडेतीन मिनिटांत बांधला. ती काटछाट गवयांनी स्वतः केली होती.

टाळकऱ्यांचा प्रश्न याहून अवघड निघाला. टाळ काढा, हे चौदा माणसांना सांगायचं होतं. बाहेरच्याला टाळ म्हणजे साथ वाटते. वारीत चालणाऱ्याला टाळ म्हणजे आपण तिथे असल्याची खूण. एक ज्येष्ठ टाळकरी उठून गेले. त्यांच्यामागे मी नाही, बुवा गेले. दोघं ओट्यावर बराच वेळ बसले होते. परत आल्यावर बुवांनी सांगितलं की चौदाही जण रेकॉर्डवर असतील, टाळ खाली ठेवून धृपद म्हणायला. टाळाची एकच जोडी असेल, ती उठून गेलेल्या त्या गृहस्थांच्या हातात, मायक्रोफोनपासून सगळ्यात लांब.

नवं रेकॉर्डिंग

जागा अण्णांच्या व्याह्यांच्या टॉवेल कारखान्याचं गोदाम. मागांना सुट्टीचा दिवस. तीन बाजूंना छतापर्यंत टॉवेलच्या गाठी, चौथ्या बाजूला आम्ही दोरीवर चार जाड सोलापुरी चादरी टाकल्या. आत टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे मरायची. असा कोरडा आवाज मिळवायला स्टुडिओवाले पैसे मोजतात.

मायक्रोफोन बुवांच्या तोंडासमोर न धरता जरा बाजूला आणि खाली ठेवला, म्हणजे "स", "श" थेट आदळत नाहीत. पखवाजाची कणीक कमी केली, वादक मागे बसला. टाळकरी अर्धवर्तुळात उभे, ठेका मांडीवर हाताने. पंखा बंद. एप्रिलातलं सोलापूर आणि गाठींनी भरलेलं गोदाम, त्यामुळे दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाणी प्यावं लागायचं.

वेग बदलून 45 केला. तीन मिनिटांची मर्यादा आली, पण आतल्या चरातला वेग 12 वरून साडेसोळा सेंटिमीटरवर गेला. 33⅓ चा सल्ला माझा होता, तो मी मागे घेतला.

इथे एक पेच उरला, आणि तो मला या सगळ्यात सर्वात मोलाचा वाटतो. भजन चढत जातं. संथ सुरुवात, मग लय वाढते, शेवटी गजर. तबकडी नेमकी उलट : बाहेरच्या कडेला सगळं झेपतं, आत जाल तसं कमी झेपतं. सर्वात मोठा आवाज सर्वात दुबळ्या जागी येत होता. मी बुवांना आकृती काढून दाखवली. त्यांनी ती पाहिली, मग डोळे मिटून बसले. मग जयघोष आधी घेतला, पूर्ण आवाजात, सगळ्यांसह. त्यानंतर एका श्वासाचा आलाप, धृपद, दोन कडवी, आणि नाममुद्रेचं कडवं एकट्याने, जवळजवळ बोलल्यासारखं. टाळाची जोडी धृपदात चारदा वाजली आणि थांबली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तिसऱ्या वेळेला गायलेलं आम्ही ठेवलं.

कापणी

मंडळाने प्रत्येकी 500 रुपये काढून वीस कोऱ्या तबकड्या आणि एक जादा सुई मागवली होती. पहिल्या खेपेच्या चार धरून चोवीस.

दुपारी कापायला बसलो तर तबकडी हाताला मऊ लागायची आणि चर असमान यायचे. किंचित ऊब कापायला चांगलीच, काही कारागीर दिव्याने तबकडी मुद्दाम शेकतात. पण चाळीस अंशांत ती आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणून पहाटे साडेपाचला बसायला लागलो. तेव्हा रस्त्यावर ट्रक नसतात, शेजारचे माग बंद असतात. यंत्र शहाबादी फरशीच्या तुकड्यावर, खाली रबर. वीज अॅडॉप्टरवरून न घेता पॉवर बँकेवरून घेतली, त्याने गुंईं असा मेन्सचा आवाज गेला. सगळं मोनोत ठेवलं, कारण स्टिरिओत दोन बाजूंचा फरक सुईला खाली-वर हलवतो आणि उथळ चरातून ती सुटते.

नऊ तबकड्या चाचणीत गेल्या. आवाजाची पातळी आम्ही पाच टप्प्यांत चढवत नेली. सुई उडेपर्यंत न्यायचं आणि दोन टप्पे खाली यायचं. ट्रेबलची चढण अर्ध्यावर आणली. अण्णा दर वेळी धागा ब्रशने बाहेरच्या बाजूला न ओढता आत, केंद्राकडे वळवायचे, म्हणजे तो पुन्हा सुईखाली येत नाही. ही युक्ती त्यांची त्यांना सुचली. "ताणा गुंतू द्यायचा नाही," एवढंच म्हणाले.

उरलेल्या पंधरांपैकी अकरा नीट आल्या. प्रत्येक स्वतंत्र कापलेली, प्रत्येकीला पूर्ण दोन मिनिटं चाळीस सेकंद, श्वास रोखून.

निष्पत्ती

सत्काराच्या दिवशी बुवांच्याच प्लेयरवर तबकडी लावली. बारीक खरखर होतीच. आवाज जुन्या रेडिओसारखा, वरचा भाग कापलेला. पण शब्द न् शब्द कळत होता, धृपदामागे चौदा गळे वेगवेगळे ओळखू येत होते, आणि टाळाची ती जोडी लांबून आली. ज्येष्ठ टाळकरी मान खाली घालून ऐकत होते, दर वाजण्याला त्यांची बोटं हलत होती.

सगळं सुरळीत मात्र झालं नाही. एका शिष्याच्या घरचा प्लेयर स्वयंचलित आहे. त्याचा हात केंद्राकडे ठरावीक अंतरावर गेला की एलपी संपली असं समजून आपोआप उचलला जातो. आमची तबकडी त्या अंतराच्या आतच असल्यामुळे ती तिथे काही सेकंदांच्या पुढे वाजतच नाही. दुसरा त्रास बुवांच्या प्लेयरचा. त्याचा हात जड आहे. महिन्याभरात रोज लावून लावून चर झिजले आणि "स" पुन्हा बोबडा झाला. त्यांना आम्ही दुसरी प्रत दिली आणि हलक्या हाताचा प्लेयर शोधून दिला. मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे.

पुढे दुकानात लग्नाच्या ऑर्डरी यायला लागल्या, बहुतेक सिनेमाच्या गाण्यांच्या. अण्णांनी त्या घेतल्या नाहीत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, आणि पैसे घेऊन प्रती करायच्या तर परवाना लागतो. स्वतःचा आवाज असेल तरच या, असं ते सांगतात.

पुन्हा करायचं झालं तर

गाणाऱ्याला पहिल्या दिवशी विचारात घेईन. आमचे तीन आठवडे आणि सहा तबकड्या गुपितापायी गेल्या. यंत्राच्या मर्यादा कळल्यावर जे निर्णय घ्यावे लागले, ते बहुतेक गाण्याचे होते : कुठलं कडवं, कुठली लय, गजर कुठे. ते तंत्र जाणणाऱ्याने घेऊ नयेत, आणि मी ते घेत सुटलो होतो.

टाळकऱ्यांशी बोलायला मी वैयक्तिक जायला हवं होतं, भर बैठकीत जाहीर करायला नको होतं. ऐकणाऱ्यांचे प्लेयर आधी पाहून घेईन. आणि पहिल्या कोऱ्या तबकडीवर गाणं न कापता ठरावीक आवाजाचे सूर कापीन, बाहेरून आत, म्हणजे यंत्र काय झेपवतं ते दहा मिनिटांत कळेल.

सध्या अण्णांकडे एका आजींचं काम आहे, जात्यावरच्या ओव्यांचं. या वेळी आम्ही यंत्र घेऊन आधी त्यांच्या घरी गेलो आणि कोरी तबकडी हातात दिली. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत त्यांच्या चालीने साडेचार ओव्या बसतात. अर्धी टाकायची की पाचवीसाठी जातं जरा जोरात ओढायचं, हे त्या ठरवतायत. रविवारी कळवते म्हणाल्या आहेत.